तिसरी ओळ

माझी मुलगी सई सध्या स्पॅनिश शिकते, त्यामुळे स्वयंपाकघरात तिच्या फोनवर सतत स्पॅनिश गाणी चालू असतात. त्यातलं एक मलाही आवडतं. काल तिने एका पुरस्कार सोहळ्याचा व्हिडिओ दाखवला. पुरस्कार होता माझ्या त्या आवडत्या गाण्याच्या गीतकार बाईंना. नाव पुकारलं तसा कॅमेरा सवयीने गायकाकडे धावला. तो बिचारा हसत मागच्या रांगेकडे बोट दाखवत राहिला, तेव्हा कुठे बाई सापडल्या. जाड चष्मा, साधा अंबाडा, बँकेच्या रांगेत भेटाव्यात अशा.

त्या मंचावर आल्या आणि सगळं सभागृह त्यांचं गाणं गाऊ लागलं. त्या मात्र गात नव्हत्या. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, आपल्याकडे कवी मात्रा मोजतात तसा. तिसऱ्या ओळीत तो थांबला आणि कपाळावर बारीकशी आठी आली. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा तिथेच.

"काय म्हणतायत गं तिथे?"

"'मी थांबेन' म्हणतायत. बरोबरच आहे की, आई!"

असेल. पण हातात पुरस्कार, एवढ्या लोकांच्या तोंडी गाणं, आणि या बाईंना अजून तो एक शब्द बदलायचाय? दुसरा कुठला असेल मनात? आता सांगणार तरी कुणाला?

आज कणीक मळताना मी तेच गाणं गुणगुणत होते. त्यातल्या शब्दांशी माझं कधीच देणंघेणं नव्हतं. पण तिसऱ्या ओळीपाशी आले आणि पिठातला हात थांबला.