फाटकापाशीच भेटून जा

पांडेसरा या गिरण्यांच्या भागातल्या आमच्या चाळीत कोणी आजारी पडलं, की पुष्पाबाई हातातली साडी बाजूला ठेवून आधी भेटायला जातात. घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं त्यांचं काम. ते राहिलं तरी चालेल, पण आजाऱ्याला भेटलं नाही तर आपण खानदेशची माणसं कसली, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी दुपारी माझ्या धनश्रीला तापात झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. हे मिलमध्ये होते. पुष्पाबाईंनीच तिला उचललं आणि रिक्षा थांबवली. दवाखान्यात झटका थांबला, पण डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. "अशक्त आहे, दुसरं काही लागायला नको. गर्दी करू नका," म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचं पोर सारखं खोकत होतं. आमच्या शहरात प्लेगची साथ येऊन गेली, त्याला अजून वर्षही झालेलं नाही; कोणी खोकलं, की मी आधी धनश्रीच्या नाकावर पदर धरते. त्यात आता सगळी चाळ भेटायला निघाली असणार. परत पाठवावं, तर ‘शिकलेलीला माणसं चालत नाहीत’ असं व्हायचं. पुष्पाबाईंना हे सांगताना मला रडू फुटलं. त्या उठून बाहेर गेल्या.

खिडकीतून पाहिलं, तर फाटकाजवळ झाडाखाली त्या बसलेल्या, आणि भोवती चाळ. सगळ्यांना तिथेच बसवून घेत होत्या.

"आठेच बठा. पोर बरी शे. काय सांगनं ते माले सांगा, मी तिना मायले सांगसू."

मागावर काम करणारे दगाभाऊ हसले. "काय वं वहिनी, तू कधी डॉक्टरीण व्हयनी?"

"आजच! तुना खोकला आठेच ऱ्हाऊ दे, केळा माले दे."

सगळे हसले. पुष्पाबाईंनी प्रत्येकाला चहा पाजला, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. रागावून कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच होत्या.

आज दवाखान्यातून सुट्टी मिळाली. फाटकापाशी धनश्रीने त्यांच्याकडे झेप घेतली, तर त्या चटकन मागे सरकल्या. दोन्ही हात पाठीमागे.

"इतल्या लोकांमा बठेल शे माय मी. अंग धुईसन येस, मंग लेस तुले."

रिक्षातही त्या पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी बसल्या. मागे धनश्री रडून रडून लाल. चाळीत पोचताच त्या मोरीत शिरल्या. धनश्री त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, आतल्या पाण्याचा आवाज ऐकत. केस पुसायलाही न थांबता त्या बाहेर आल्या, आणि खाली बसून त्यांनी दोन्ही हात पसरले.