हेल्मेटमधला श्वास

चितेगावच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीला होते. प्लास्टिकचा भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, तडा दिसला की लाल खोक्यात टाकायचा. आमच्या घरी सगळे कारकून. नोकरी लागली की माणूस खुर्चीत बसतो आणि निवृत्तीलाच उठतो, अशी घरची रीत. मला मात्र तासभरसुद्धा एका जागी बसवत नसे. मी डबाही उभ्यानंच खायची. रविवारी मी एका कॅमेरामनला घेऊन छोट्या फिल्म करायची. तो एरवी शहरात लग्नांचं शूटिंग करायचा. त्या सगळ्या फिल्म अजून न आलेल्या काळाच्या, दुसऱ्या ग्रहांच्या. लोक विचारायचे, "संभाजीनगरात बसून अंतराळ कसलं करता?" मे महिन्यात पैठणच्या बाजूला नाथसागराचं पाणी ओसरतं आणि भेगाळलेला तळ उघडा पडतो, तो त्यांनी कधी नीट पाहिलेला नसावा.

पहिली मोठी फिल्म मी तिथंच करायची ठरवली. गोष्ट साधी होती. ओसाड ग्रहावरच्या एका ठाण्यावर एक म्हातारा एकटाच उरलाय. रोज यंत्रं तपासायची आणि पृथ्वीला 'सगळं ठीक आहे' असा निरोप पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पलीकडून उत्तर यायचं केव्हाच बंद झालंय.

हा म्हातारा मला पैठणच्या बसस्टँडवर सापडला. जागा बघायला गेले होते, तर एक उंच, वाळका माणूस उतारूंना गाड्यांच्या वेळा सांगत होता. मला वाटलं, चौकशीवाला असेल. पण ते निवृत्त कंडक्टर होते. नोकरी संपून चार वर्षं झाली तरी रोज सकाळी स्टँडवर यायचे. मी त्यांना चहा पाजला आणि गोष्ट सांगितली.

"मला नाटक नाय येत, ताई," ते म्हणाले.

"नाटक नकोच आहे मला, काका."

"मग येतंय," ते म्हणाले.

अंतराळवीराचा पोशाख मी स्वतः शिवला. थंड माल गुंडाळायला वापरतात तो चंदेरी कागद, त्याच्या आत फोम. हेल्मेटसाठी दुकानाच्या पाट्या करणाऱ्या माणसाकडून ॲक्रिलिकचा घुमट वाकवून घेतला. हवा यावी म्हणून त्याला मागं चार भोकं पाडली. पाठमोऱ्या शॉटमध्ये त्यातली दोन दिसायला लागली, तेव्हा मी त्यांवर चंदेरी चिकटपट्टी लावली. शॉट झाला की काढू, असं ठरवलं होतं. काढायची राहिली, हे सांगणं सोपं आहे. खरं म्हणजे पुन्हा चिकटवायला वेळ जाईल म्हणून मी ती काढलीच नाही.

शूटिंग सकाळी सहा ते दहा, असं काकांच्या घरी कबूल केलं होतं. पाचव्या दिवशी मला सावलीच नसलेला उजेड हवा होता, म्हणजे उन्हाची पार टळटळीत वेळ. साडेअकरा झाले. म्हातारा यंत्राकडे चालत जातो, एवढाच शॉट. चार टेक झाले होते.

"आत लई उकडतंय, ताई," काका म्हणाले.

"एकच, काका. शेवटचा."

"एकच म्हंजे एकच हां."

त्यांच्या कॉलरला माइक होता आणि माझ्या कानाला हेडफोन. ते चालायला लागले आणि मला त्यांचा श्वास ऐकू आला. आधीच्या टेकमध्ये नव्हता असा. लहान, घाईचा, मध्येच अडखळणारा. चालू ठेव म्हणून मी कॅमेरामनला अंगठा दाखवला. काका गुडघ्यावर बसले. हे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी एक हात भेगेत घातला. मी मनात म्हटलं, काय सापडलंय या माणसाला. मग ते कुशीवर कलंडले आणि मी तरीही शॉट थांबवला नाही.

कॅमेरामननं कॅमेरा तसाच टाकला. "मॅडम, ये ॲक्टिंग नई है," असं म्हणत तो पळाला.

हेल्मेट काढलं तेव्हा काकांचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्यांना जीपमध्ये घालून आम्ही पैठणच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर मला म्हणाले, "अजून थोडा उशीर केला असता तर माझ्याकडे आणायची गरज पडली नसती." काकू आल्या. त्यांनी आधी काकांच्या कपाळाला हात लावला, मग कोपऱ्यात पडलेला पोशाख उचलून बघितला. हेल्मेट उलटं करून भोकांवरची चिकटपट्टी नखानं सोलून काढली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन येरझारा घालत राहिले.

काका चार दिवसांनी घरी गेले. फिल्म जोडताना तो शॉट समोर आला. मी लगेच दुसऱ्या शॉटवर गेले, पुन्हा मागे आले. महिनाभर हेच चाललं. सकाळी गाडी काढायची, हर्सूलच्या तलावापर्यंत जायचं, न उतरता परत यायचं. शेवटी काकांना फोन केला.

"काका, तुम्ही पडता तो शॉट ठेवू का?"

"ठेवा की. एवढी मेहनत वाया कशाला?"

चिकटपट्टीचं मी त्यांना सांगितलं नाही. शॉट ठेवला.

त्यानंतर जे झालं ते मला हवं तसंच झालं. फिल्म महोत्सवांत फिरली. जिथं जाईन तिथं लोक त्या श्वासाबद्दल बोलत. एका तरुण दिग्दर्शकानं विचारलं, हे करवून कसं घेतलं? मी काहीतरी उत्तर दिलं. मुंबईच्या एका कंपनीनं मालिका देऊ केली, मी कारखाना सोडला.

संभाजीनगरात खेळ झाला तेव्हा काका-काकू पैठणहून आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो शॉट आला आणि काकू उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. त्या पाण्याच्या कूलरजवळ उभ्या होत्या.

"कानाला ते लावून बसला होता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "ह्यांचा श्वास ऐकू येत व्हता का?"

"येत होता."

"मग?"

"मला वाटलं, काका छान करतायत."

"छानच केलं त्यांनी," काकू म्हणाल्या आणि पदर सारखा करून आत गेल्या.

मालिकेत काकांना काम होतं. मी विचारायला गेले, तेव्हा चिकटपट्टीचं आधी सांगितलं. काका म्हणाले, "ठाव हाय. हिनं सांगितलं तवाच." काकूंनी एकच अट घातली: त्या सेटवर येणार. मी म्हटलं, नुसत्या येऊ नका, हेडफोन तुमच्याकडे राहील. तुम्ही बास म्हटलं की बास.

पहिल्या दिवशी त्या सात वेळा बास म्हणाल्या. एकदा काका नुसते खोकले होते. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला. मला तेव्हा काकूंचा रागच यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी काका एका खिडकीपाशी उभे राहून बोलत होते, आवाज कापत होता, मी आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात चांगला टेक होता, आणि अर्ध्यावर काकू म्हणाल्या, "बास." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कट म्हटलं. काकांना चक्कर येत होती, की नव्हती, ते मी विचारलं नाही. पुढचा टेक बरा झाला, पण तसा नाही. तो अर्धा टेक माझ्याकडे आहे. अधूनमधून काढून बघते.

मालिका ठीक गेली. पहिल्या फिल्मची धार राहिली नाही, असं लिहून आलं. असेलही. आता तिसरं काम लिहायला घेतलंय. दोन पानं लिहिते, उठते, गच्चीवर जाते, खाली येऊन दीड पान खोडते.

परवा काकांचा फोन आला. "ताई, आवंदा म्हातारा नको. सायंटिस्ट करा मला."

मागून काकूंचा आवाज आला, "उन्हाळ्यात नाय, म्हणावं."

"डिसेंबरात ठेवते," मी म्हटलं. बोलता बोलता मी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आले होते.

"डिसेंबरात हिच्या भाचीचं लग्न हाय," काका म्हणाले. "तारीख बघून सांगतो."