कापसाच्या खोलीत अर्धी जागा

ताडपत्री शिवायला लांब जमीन लागते. ट्रॉलीवर टाकायची ताडपत्री एकदा तरी पूर्ण पसरावी लागते, नाहीतर कडा सरळ येत नाहीत आणि चारही कोपऱ्यांच्या रिंगा चार दिशांना तोंडं करून बसतात. आमच्या दारव्ह्याच्या घरात मी पहिली ताडपत्री शिवली तेव्हा तिचं एक टोक दिवाणावर होतं आणि दुसरं स्वयंपाकघरात ओट्याखाली. आई तिच्यावरून चालत भाजी फोडणीला टाकत होती. ते फार दिवस चालण्यासारखं नव्हतं.

पदवीनंतर मी अमरावतीत एका ताडपत्रीच्या दुकानात बिलं करायला होते. बिलांपेक्षा मागच्या बाजूचं शिवणकाम मला जास्त पाहावंसं वाटायचं. तिथेच शिकले. परत आले ती जाड कापडाचं एक जुनं मशीन टेम्पोत घालून. गिऱ्हाईक मिळेल का याची घरच्यांना काळजी होती, पण ते मिळालं. पेरणीच्या आधी आणि सोयाबीन काढायच्या वेळी ताडपत्री सगळ्यांनाच लागते. अडलं ते जागेपाशी.

बसस्टँडजवळचे गाळे रेल्वेच्या डब्यासारखे अरुंद होते आणि त्यांचं भाडं रस्त्याच्या तोंडाचं होतं. मला रस्त्याचं तोंड नको होतं. एका इमारतीत वरचा हॉल मोठा होता, पण ताडपत्रीचा गठ्ठा जिन्याच्या वळणावर अडकला असता. जागा पाहायला आई बरोबर यायची, कारण मी एकटी गेले की घरमालक जागेऐवजी माझ्याबद्दलच विचारत. आई आली तरी विचारतच, फक्त तिला.

"पोरीचं लगन झाल्यावर हे कोण चालवन?" एकाने विचारलं.

"तवरोक तुमची भिंत टिकन का, ते सांगा पहिले," आई म्हणाली. भिंतीला खरंच भेग होती. ती जागा मिळाली नाही.

शेवटी गावाच्या टोकाला, शेतं सुरू होतात तिथे, एका शेतकऱ्याच्या घराशेजारची खोली सापडली. लांबलचक, वर टीन, खाली कोबा, मधे एकही खांब नाही. घरात दोघंच राहायचे. त्यांना मी काकाजी आणि काकू म्हणू लागले. भाडं ऐकून मी दोनदा विचारलं. काकाजींना वाटलं मी घासाघीस करते आहे, म्हणून त्यांनी ते आणखी थोडं कमी केलं.

खोलीच्या कोपऱ्यांत आणि टिनाखालच्या लाकडांवर कापसाचे बारीक पुंजके चिकटलेले होते. मी ते पाहिले आणि झाडून टाकले.

उन्हाळा आणि पावसाळा चांगला गेला. मी सकाळी यायची, मशीनची मोटर सुरू करायची, दुपारी काकूंनी दिलेला चहा दारात बसून प्यायची. काकू बोलायच्या, मी ऐकायची. काकाजी फारसे बोलत नसत आणि मीही नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. सोयाबीनची कामं एकदम आली. त्या वर्षी पहिल्यांदा मला वाटलं की हा धंदा उभा राहील.

दसरा झाल्यावर एक दिवस काकू म्हणाल्या, "उद्या सीतादही हाय वावरात. तू बी ये."

कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे शेतात ही पूजा करतात. एका झाडाखाली दगड मांडून हळदकुंकू वाहतात, आणि दहीभात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, शिंपडतात, कापूस दह्यासारखा पांढरा यावा म्हणून. मी शाळेपासून यवतमाळला, इंग्रजी माध्यमात. सीतादही हा शब्द मला माहीत होता, पण मी कधी गेले नव्हते. मला बोलावलं याचं बरं वाटलं. वेचणाऱ्या बायकांबरोबर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून जेवले. काकूंनी पानात दोनदा वाढलं. परत येताना मला वाटत होतं की या घरात आपली जागा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता वर टिनाकडे बघत होते.

"मंग कधी खाली करतं?"

"काय?"

"खोली. सीतादही झालं ना काल. तुले तं बलावलंच होतं."

मी मशीनवरून उठून उभी राहिले. ते "पाह्य बा," म्हणून गेले. आवाजात राग नव्हता. ठरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी तसं ते बोलले होते. त्यांच्या दृष्टीने ते ठरलेलंच होतं.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळी लाटायची थांबली. तिचं माहेर कापूस पिकवणारं.

"सीतादह्याला बोलावलं, अन् तू नुसती जेवून आलीस?"

"मग काय करायचं होतं?"

"विचारायचं होतं ना, वेचा कधी, खोली कधी पाहिजे म्हणून. कापसाची खोली घेतली तू. कापूस येईन हे बी मीच सांगू?"

कापूस लगेच विकत नाहीत, भाव येईपर्यंत घरात भरून ठेवतात, हे मलाही माहीत होतं. पण ज्या खोलीत मी महिनोन्महिने शिवत होते, ती हीच, हे मी कधी जोडलंच नव्हतं. आणि मी तेव्हा ट्रॉल्यांच्या ताडपत्र्यांची कामं घेतलेली होती. खोली गेली तर ती परत करावी लागली असती, आणि पहिल्याच वर्षी कामं परत करणाऱ्या मुलीकडे दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही.

मी पुन्हा गाळे पाहिले. तेच होते.

मग एका दुपारी काकूंना विचारलं की कापूस खोलीत कसा ठेवतात.

"ठेवतात काय, टाकतात. मधात डोंगर होते, कडेले उतार."

त्या उताराखाली सगळी जमीन जाणार होती, आणि वर टिनापर्यंतची जागा मोकळीच राहणार होती. कापसाला एका बाजूने सरळ आडोसा मिळाला तर तो अर्ध्या खोलीत उंच भरता येईल, असं मला वाटलं. आडोसा मी शिवू शकत होते. हे काकाजींना सांगायला मला तोंड उघडावं लागलं. बहुतेक सगळी वाक्यं मी आदल्या रात्री तयार केली होती, तरी मधे अडखळले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कापूस काय तुले इचारून सरळ उभा राह्यते?"

"ताडपत्री राहील."

"अन् फाटली तं?"

"मग मी त्याच दिवशी निघेन."

ते काकूंकडे बघून म्हणाले, "पाह्य वं. शाळेत शिकवलं वाट्टे हे." पण नाही म्हणाले नाहीत. अटी घातल्या. कापूस असेपर्यंत मोटर बंद, ठिणगीचा भरवसा नाही. मशीन पायाने चालवायचं. ताडपत्रीची कड डागायची गरम सळई अंगणातसुद्धा नको.

मी दुहेरी जाड कापडाचा पडदा शिवला, वर लाकडांना आणि खाली कोब्यात ठोकलेल्या खिळ्यांना दोरांनी ताणून बांधला. पहिला वेचा आला. बायकांनी कापूस आत टाकला, पायांनी तुडवला, आणि पडदा माझ्या बाजूला पोटासारखा पुढे आला. दोर करकरले. एक बाई म्हणाली, "दिवस गेले याले." सगळ्या हसल्या. काकाजी हसले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या वेच्याला खालची शिवण उसवायला लागली. तिथे मी टीप एकेरी मारली होती. काकाजी वावरात होते. मी सुतळी आणि वाकडी सुई घेऊन जमिनीवर बसले. कापूस रेटत होता, शिवणीची तोंडं जवळ येत नव्हती. काकू आल्या, एकदा पाहिलं, आणि पडद्याला पाठ लावून पाय रोवून उभ्या राहिल्या.

"शिव लवकर. माही कंबर हाय हे, खांब नाई."

"काकाजींना सांगाल?"

"कायले सांगू? फाटली का? नाई ना. मंग?"

मी टाके घालत राहिले. झाल्यावर त्यांनी कंबर धरत पदर झटकला आणि चहा ठेवायला गेल्या.

अर्ध्या खोलीत काम हळू होत होतं. ताडपत्री घडी घालून एकेक भाग उलगडत शिवायची. पायाने मशीन चालवून संध्याकाळी पोटऱ्या दुखत. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, ती मानेपासून सुरू व्हायची. रोज सकाळी काकाजींच्या घरात कापसाचा भाव विचारला जायचा, आणि मीही विचारू लागले. भाव वाढला की कापूस जाईल, एवढाच माझा हिशेब. काकाजी थांबले होते, म्हणून मीही थांबले होते.

तिसऱ्या वेच्याची ट्रॉली अंगणात आली तेव्हा पडद्यामागे मूठभरसुद्धा जागा नव्हती. मला दिसत होतं. कोणी काही म्हणायच्या आत मी समोरची ताडपत्री गुंडाळायला घेतली, कात्री आणि रिंगांचा डबा पिशवीत टाकला. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन दाराशी थांबल्या.

काकाजींनी पडद्याकडे पाहिलं. हात लावून दाबून पाहिला. मग माझ्या अर्ध्या जागेकडे, मशीनकडे आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"तिकडे घरात टाका," ते बायकांना म्हणाले. "बैठकीत."

आतून काकूंचा आवाज आला. "अन् पाव्हणे आले तं कुठी बसतीन?"

"कापसावर," काकाजी म्हणाले, आणि स्वतःची खाट ओसरीत ओढायला गेले.

बायका वळल्या. मी कात्री पिशवीतून काढली आणि ताडपत्री पुन्हा पसरली, जेवढी पसरत होती तेवढी.