सुती दोर

आमच्या नागपूरच्या गोल्फ मैदानावर भोकाभोवती हिरवळ नसायची, तेल मुरवलेली वाळू असायची. ती रोज सारखी करणारा माळी मूळचा विणकरांच्या घरातला. स्पर्धेत प्रेक्षकांना अडवायला सुती दोर बांधायचा तोही त्यानेच. त्या दोराला तो ताणा म्हणे, मागावरच्या उभ्या सुतासारखा. कुणी त्यावरून पाय टाकायला गेलं की म्हणे, "ताणा नका लांघू जी. खालून जा." मी क्लबातला कारकून. मला तो हट्टी वाटे.

अंतिम सामन्याला आभाळ भरून आलं. त्याने दोर चिमटीत धरला. "सूत जड झालं, बाबूजी. पाणी येऊन राहिलं. खुर्च्या मांडवात घ्या."

मी ऐकलं नाही. इतक्यात एका बड्या साहेबांनी दोरावरून जायला पाय उचलला. माळी चटकन पुढे झाला. खुंटी उपटून त्याने दोर बाजूला ओढला आणि साहेब गेल्यावर पुन्हा ताणून बांधला.

थोड्याच वेळात सर आली. लोक पळाले. तो वाळूवर ताडपत्री अंथरत होता. दोन्ही हातांत भिजलेल्या खुर्च्या घेऊन मी दोरापाशी आलो. त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मी खुर्च्या खाली ठेवल्या आणि वाकलो.