बाबांनी इंजिन धुतलं

माझे बाबा दांडी गावचे तांडेल. बोट चालवण्यात जन्म गेला. समुद्रातून आले की आधी इंजिनावर गोडं पाणी, मग स्वतःची आंघोळ. "खारं लागलं का लोखंड गेलं," असं घोकायचे. मी जुनी पेट्रोल गाडी घेतली, तर तिलाही तोच न्याय! पालघरला माझी कायमच्या नोकरीची मुलाखत होती. लेकीची गाडी चकाचक असावी म्हणून त्या सकाळी त्यांनी बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा पाइप मारला.

चावी फिरवली तर स्टार्टर घरघरतोय, इंजिन काही पेटेना. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या आळीसमोर ओरडले, "कळत नाय तर हात कशाला लावता? वाट लावलीत माझी!" बाबा पाइप गुंडाळत राहिले.

बोईसरहून मेकॅनिक आला. त्याने स्पार्क प्लगांच्या खोबणीत साचलेलं पाणी दाखवलं. "काका, बोटीचं डिझेल नुसत्या दाबाने पेटतं. पेट्रोलला ठिणगी लागते." मग मलाही समजावलं. पिस्टन कुठवर आलाय ते सेन्सर गाडीच्या कम्प्युटरला कळवतो. कम्प्युटर नेमक्या क्षणी कॉइलचा प्रवाह तोडतो, आणि त्या तोडण्यातूनच हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पाणी असलं की वीज पळवाट काढते. मला वाटायचं, वीज जोडली की ठिणगी पडते. इथे उलटंच! बाबा मान खाली घालून ऐकत होते.

त्याने हवा मारून सगळं सुकवलं, गाडी सुरू झाली. वाटेतलं उमरोळी कधी मागे पडलं कळलंही नाही. वेळेत पोचले, नोकरीही लागली. त्याच संध्याकाळी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." "जाऊ दे गं बाय," म्हणाले आणि हसले. झालं, मिटलं, असं मी धरून चालले. काय मूर्ख मी!

गेल्या रविवारी आम्ही केळव्याला जाऊन आलो. गाडी वाळूने माखलेली. मी आपणहून फडकं बाबांच्या हातात दिलं. भर वादळात बोट किनाऱ्याला लावताना ज्या माणसाने कधी कुणाला विचारलं नाही, तो फडकं धरून तसाच उभा राहिला.

"बाय, नुसती काच पुसतो," ते म्हणाले. "चालंल ना?"