आक्कांची फांद्यांची सूर्यफुलं

लिहिणाऱ्यांच्या रांगेत मी मध्येच घुसतोय, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि मोलगीकडच्या डोंगरातल्या आमच्या आदिवासी पाड्यात मराठी सुरू होते ती शाळेत गेल्यावर. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. पण एवढं मी ठामपणे लिहू शकतो की, माझ्या घरमालकीण आक्कांइतकी तोंडाळ बाई नंदुरबारात दुसरी नव्हती, आणि त्यांच्या झाडांइतकी लाडावलेली झाडंही नव्हती.

झाडं म्हणजे सूर्यफुलं. शेतात एका दांड्यावर ताटाएवढं एकच फूल घेऊन उभी असतात ती नव्हेत. यांना बुडापासून फांद्या, आणि फांदीफांदीला बशीएवढी फुलं. विटकरी, लिंबाच्या रंगाची, मधूनच काळपट लाल. सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलाने एकदा बियांचं पाकीट आणून दिलं होतं आणि जाताना म्हणाला होता, "माय, फुले उनात का मी देखाले येसू." फुलं आली की बघायला येतो म्हणालेला तो त्यानंतर आलाच नव्हता. कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आक्का दर पंधरवड्याला दोन ओळी नव्याने टोकत. एक खेप माना टाकायला लागली की दुसरी उमललेली हवी. तो येईल त्या दिवशी अंगण रिकामं दिसता कामा नये.

गल्लीने यावर पुष्कळ करमणूक करून घेतली. शेजारचे रिक्षावाले भाऊ कुंपणावरून विचारायचे, "आक्का, याना तेल कितलं निंघी?"

"तुन्हा टक्कलले पुरी इतलं," आक्का मागे न बघता म्हणायच्या.

भाऊंनी दारात मिरची वाळत घातली की आक्का भांडायला हजर, "मन्हा फुलेस्ले ठसका लागस!" आणि भाऊ खरंच मिरची उचलून गच्चीवर न्यायचे. फूल देवाला नाही, लग्नाला नाही, कुणाच्या अंबाड्याला तर नाहीच. मी एकदा धीर करून म्हणालो, "आक्का, शेंड्याचं पहिलं फूल कापलं तर खालच्या फांद्या जोरात फुटतात." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कालेजमा हाईच शिकाडतस का? मोठाना गळा कापा, मंग धाकला वाढतीन?" मी खोलीत गेलो. थोड्या वेळाने दारात भाकरी आणि ठेचा आला. "खाय. डोंगरमातून फुले कापाले उना!" माझं ताट वेगळं असायचं, तेवढं मात्र त्यांनी कधी मोडलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना मुलगा आला. त्या दिवशी अंगण कधी नव्हे इतकं फुललं होतं. त्याच्याबरोबर घर विकत घ्यायचं म्हणून बघायला आलेले एक गृहस्थ होते. आक्का हाताला धरून त्याला झाडांकडे नेऊ लागल्या, तर तो मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "माय, हाई समदं काढी टाक. पार्टीले जागा मोकळी दिसाले पाहिजे."

आता आक्कांचं तोंड सुटणार, म्हणून मी दारात येऊन उभा राहिलो. त्यांनी पदर खोचला आणि झाडं उपटायला घेतली. फुललेली, कळीतली, नुकती दोन पानांवर आलेली, सगळी. मग घरोघर फुलं वाटत फिरल्या. ज्यांना कधी पाकळी मिळाली नव्हती त्यांच्या हातात भारे आले आणि ते कुठे ठेवावेत हे कुणालाच कळेना. "मन्हा आंडोर मले सुरत ली जाई ऱ्हायना," मुलगा सुरतेला नेतोय, हे त्या दारोदार सांगत होत्या. संध्याकाळी बरीचशी फुलं शेळ्यांपुढे पडली होती.

त्याच आठवड्यात मी खोली सोडली आणि परीक्षा झाल्यावर पुढे शिकायला नाशिकला आलो. आक्का सुरतेत सुखात असतील, असं मी धरून चाललो होतो.

परवा भाऊंचा फोन आला. आक्का तापीकाठच्या एका गावात, भावाच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. विचारणाऱ्याला सांगतात, "सुरतनं पानी मले मानवनं नही, म्हनीसन निंघी उनू."

"बरं, मुलाने नेलं तरी होतं," मी म्हणालो.

"कसानं सुरत!" भाऊ म्हणाले. " स्टेशनले जासूत म्हनीसन मायलेक दोन्ही मन्हीच रिक्षामा बठनात. अर्धा रस्तामा आंडोरनी सांगं, 'स्टेशन ऱ्हाऊ दे, मामाना गाव ले.' आक्का तोंडथून एक शबद नही बोलनी." मग हळूच म्हणाले, "मी बी आते सर्वास्ले हाईच सांगस, तठलं पानी खराबच शे."