चीफची बोटं

सायकल बघायला गेलं की चीफ आधी रुमाल काढून तिच्यावरचं कंपनीचं नाव झाकायचे. विकणारा बावचळायचा. चीफ म्हणायचे, "नाव काय चाटायचंय? अंग बघू दे."

उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला हा चीफ इंजिनियर निवृत्तीनंतर सिंगापुरात बेडोकला राहायचा आणि आम्हा मराठी मंडळींना जुन्या रेसिंग सायकली पारखून द्यायचा, तेही फुकट. आम्ही बँकेतले लोक, इटालियन नाव दिसलं की पाघळायचो. चीफ डोळे मिटून हँडलजवळच्या खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवायचे. सायकल कधी समोरून आदळली असेल तर तिथे बारीक सुरकुती पडते. वर कितीही रंग चढवा, बोटाला ती लागतेच. अशी सायकल एखाद्या उतारावर दगा देते. माझी पहिली देखणी निवड त्यांनी अशीच मोडीत काढली आणि नावसुद्धा पुसलं गेलेली एक जपानी सायकल गळ्यात मारली. मी आठवडाभर फुगून होतो. पुढे सात वर्षं तीच चालवली.

मग त्यांना कॅन्सर झाला. केमोने बोटांची जाणीव गेली होती. शर्टाची बटणंही काकूच लावायच्या. तरी एका रविवारी हौसेने माझ्याबरोबर सायकल बघायला आले. बोट फिरवून म्हणाले, "निर्धास्त घे." त्यांचं बघून लागलेल्या सवयीने मीही बोट फिरवलं. सुरकुती चांगली ठसठशीत होती. चीफ इतके खुशीत होते की माझी जीभच रेटेना. मी सायकल घेतली, त्यांच्या सांगण्यावरून नवे टायरही घातले आणि ती घरात उभी करून ठेवली. ते विचारायचे, तेव्हा रोज चालवतो म्हणून ठोकून द्यायचो.

एकदा ते घरी आले. नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस, जे चार दिवस चालवली की झिजून जातात, अजून तसेच होते. त्यांनी ते बघितले आणि मग त्या खालच्या नळीकडे बघितलं.

"तेव्हाच सांगायचं होतंस रे," ते म्हणाले. "त्यानंतर मी आणखी दोघांना सायकली घेऊन दिल्यात."

 त्यांना टॅक्सीत घालून मी लगेच निघालो. पाया लेबारच्या एकाची सायकल ठणठणीत निघाली. वुडलँड्सच्या इंजिनियरच्या सायकलीची सुरकुती मात्र माझ्या बोटाला लागली. तो बिचारा रोज तिच्यावरूनच कामाला जायचा. चीफनी त्याच्यासमोर हात जोडले, "चूक माझी. माझी बोटं गेलीत," म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शेजारीच उभा होतो, आणि तेव्हाही गप्पच राहिलो.

त्यानंतर त्यांनी सायकलीला हात लावला नाही. तीन महिन्यांनी गेले. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.